मिरचीचं तेल

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज मला तुझ्याशी मिरचीबद्दल बोलायचंय. अजून डोळ्यांपुढे येतं, कासुर्डीच्या आपल्या स्वयंपाकघरात तू चुलीपुढे बसली आहेस. बरगडीवरची नागीण वाळून तीन महिने झालेत, पण आतली आग जात नाही. पातळाचा काठ लागला तरी तू दचकतेस. वाटीत कोमट गोडं तेल आणि त्यात चुरलेल्या दोन सुक्या मिरच्या. मी नुकतीच बी.एस्सी. झालेले. तू ते तेल बरगडीला लावतेयस हे पाहून माझं डोकंच फिरलं. असला अडाणीपणा या घरात चालायचा नाही, असं शेजारणींच्या देखत तुला सुनावलं. तू एवढंच म्हणालीस, "आदी जळतंय, मंग दुखणंच गप बसतंय. तुला न्हाई कळायचं." मी वाटी उचलली, मोरीत ओतली आणि दुसऱ्या दिवशी तुला दुखण्यावरच्या गोळ्या आणून दिल्या.

आता मी कुरकुंभला एका औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. मागच्या महिन्यात एक नवं मलम तपासायला आलं. त्यातलं औषध मिरचीतूनच काढलेलं. चिमूटभर पांढरी पूड, पण ती हाताळायला दोन-दोन हातमोजे. आमच्या सरांनी समजावलं, की दुखण्याची खबर नेणाऱ्या नसेला हे आधी आग लागल्यासारखं ओरडायला लावतं. ओरडून ओरडून ती नस दमते आणि मग कितीतरी दिवस खबरच नेत नाही. "नागीण बरी झाल्यावर जे दुखणं मागे राहतं ना, त्याच्यावर देतात," ते म्हणाले. मला तुझी ती वाटी आठवली. जनावरानं तोंड लावू नये म्हणून एका झुडपानं आपल्यापुरतं केलेलं हे तिखट माणसाच्या नसेशी इतकं नेमकं जुळावं? तुझ्या वाटीतल्या तेलात ते किती उतरलं असेल, कुणास ठाऊक. पण आम्ही यंत्रावर शोधतो ते तू स्वतःच्या कातडीवर शोधलं होतंस.

हे पत्र वहीतच राहील. त्या दिवसानंतर तू दुखतंय असं एकदाही म्हणाली नाहीस. माझ्या गोळ्यांनी गुण आला, असं मी सगळ्यांना सांगत फिरले. खरंच दुखायचं थांबलं का, हे तुला विचारलं मात्र कधीच नाही.