उणे एकशे सत्तावीसवरचा उपाय

३ जून

तो केमोई पुन्हा! चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत मेसेज. "बॉस, पेटीचं तापमान ३७.७ ऐवजी ३४ ठेवलं तर चालेल का?"

नाही चालणार! अंडी उबवायची पेटी आहे ती. पूर्ण आराखडा मीच ग्रुपवर टाकला होता — बोर्ड कुठला, गाडीचे बल्ब किती, पंखा कसा, सेन्सर कुठे टांगायचा. सगळं आयतं दिलं तरी लोकांना त्यात आपली अक्कल घालायचीच असते.

'वायर आणि धूर' हे आमच्या ग्रुपचं नाव. चारशे माणसं. कुणी टाकीचा पंप आपोआप बंद करायच्या मागे, कुणी गेटची घंटा, आणि निम्मे अंड्यांच्या पेट्या बनवणारे. सल्ला द्यायला मी. माझ्या नावाजवळ फोटोऐवजी सोल्डर गनचं चित्र आहे, त्यामुळे सगळे मला पुरुष समजतात. मीही सुधारत नाही. टेलिफोन खात्यात अठ्ठावीस वर्षं "बाई, जरा साहेबांना बोलवा" ऐकलं. आता होऊ दे की बॉस!

माझा नियम एकच — वायरींचा फोटो नाही, कोड नाही, तर उत्तर नाही. केमोई फोटो देत नाही. "आतला फोटो पाठवता येणार नाही, माफ करा" म्हणे. का? अंडी लाजतात?

लिहिलं त्याला, "३४ वर पिल्लू निघत नसतं. अंडं नासतं."

४ जून

दिवसभर लाइट नाही. आमच्या पेटीत नव्वद अंडी आहेत, बॅटरीवर निभावलं. माझा नवरा मसिन्दे तासातासाला येऊन काच पुसून बघतो. अंडी याच्या कोंबड्यांची, पेटी माझी, आणि काळजी मात्र दोघांची मिळून त्यालाच.

५ जून

आज ग्रुपवर माझा जयजयकार!

केमोईने विचारलं — पडद्यावर मधूनच −१२७ दिसतं आणि भोंगा वाजतो. "सारखा ओरडतो बॉस, सगळे घाबरून उठतात. काय करू?"

हे सगळ्यांचंच रडगाणं. −१२७ म्हणजे तेवढी थंडी नव्हे. सेन्सर हरवलाय, त्याची वायर सुटलीय, हे सांगायची बोर्डाची ती रीत आहे. बाजारातले निम्मे सेन्सर नकली, वायरी ढिल्या. खरा उपाय म्हणजे चांगला सेन्सर घ्या, एक रेझिस्टर लावा, वायर घट्ट डागून टाका. पण सेन्सर नैरोबीहून यायला चार दिवस, आणि डाग द्यायचा तर सगळ्यांना कंटाळा.

म्हणून दोन ओळींचा कोड लिहून दिला. −१२७ आलं की तो आकडा फेकून द्यायचा, त्याआधीचा धरून चालायचं. भोंगा गप्प, डोकं शांत.

एकसष्ट अंगठे! "बॉस, तुम्ही देव आहात." कुणीतरी त्याचा फोटो काढून पुढे पाठवायलाही लागलं. मी तो मेसेज ग्रुपच्या माथ्यावर लावून ठेवला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

७ जून

केमोईचे आभार आले. तुमच्या उपायाने शांतता झाली म्हणे. आणि लगेच दोन नवे प्रश्न — दर दोन तासांनी झाकण उघडलं तर आतली ऊब किती वेळात परत येते? आणि पंख्याचा आवाज कमी करता येईल का?

मी सगळ्यांसमोर लिहिलं, "दर दोन तासांनी? अंडी आहेत की पाहुणे? आणि आवाजाचं म्हणाल तर अंगाई म्हणा, झोपतील." पन्नासेक जण हसले.

९ जून

नव्वदच्या नव्वद गेली.

सकाळी मसिन्देने हाक मारली — "फुंडीबाई, जरा इकडे या." एरवी 'अगं' म्हणतो. फुंडी म्हणाला म्हणजे माझ्या कारागिरीचं काहीतरी बिनसलेलं असतं. पेटीतून वास येत होता. दोन्ही बल्ब जळताहेत. पडद्यावर ३७.४.

हात घातला आणि चटकन मागे घेतला. सेन्सरची वायर सांध्यातून निसटून खाली लोंबत होती. म्हणजे बोर्डाला −१२७ येत होतं, आमच्या पेटीतही घातलेला माझा कोड ते फेकत होता, आणि आदल्या दिवशीचा ३७.४ धरून बसला होता. लागतात ३७.७, आहेत ३७.४ — म्हणजे बल्ब लाव. अजून ३७.४ — लाव. बारा-चौदा तास! पडदा बघणाऱ्याला सगळं ठीकच वाटलं असतं. मलाही काल संध्याकाळी वाटलं होतं. खरा आकडा जरा वरखाली हलतोच, हा एका जागी खिळलेला होता, आणि अठ्ठावीस वर्षं मोजमापं घेतलेल्या बाईला ते कळलं नाही!

मसिन्देने एक अंडं फोडलं. पांढरं शिजून घट्ट.

"आयतंच उकडलंस की," म्हणाला. "मीठ आणू?"

हसला नाही. मीही नाही.

१० जून, सकाळ

माथ्यावरचा मेसेज काढून टाकला. चूक कबूल केली, लांबलचक लिहिलं — हा कोड वापरू नका, सेन्सर हरवला की बल्ब बंद झालाच पाहिजे, भोंगा वाजलाच पाहिजे. सात जणांनी वाचलं. एकाने लिहिलं, "बॉस, माझ्याकडे झकास चाललाय." दुसऱ्याने, "आता भोंगा परत चालू करू? बायको पेटी बाहेर फेकेल." चांगल्या सल्ल्याला कधी एकसष्ट अंगठे मिळत नाहीत.

मसिन्देला म्हटलं, निदान त्या केमोईला तरी वेगळं कळवते, तो आधीच ३४ वर ठेवतोय, वर दर दोन तासांनी झाकण उघडतो, वेडा आहे.

मसिन्दे कोंबड्यांना दाणे टाकत होता. थांबला.

"३४ वर काय उबतं?"

"काहीच नाही."

"आणि दर दोन तासांनी उघडतो कशाला?"

"मला काय माहीत!"

"अगं, आपला पहिला सातव्या महिन्यात झाला तेव्हा तू दर दोन तासांनी काय करत होतीस?"

पाजत होते. मी तिथेच पायरीवर बसले.

१० जून, दुपार

केमोईचा फोन बंद. बारा वेळा लावला. मेसेजवर एकच टिक, म्हणजे पोचलेलाच नाही.

बाजारात ओडेराच्या दुकानात गेले. बोर्ड, सेन्सर सगळं त्याच्याकडूनच घ्या असं मी ग्रुपवर सांगत असते. केमोईचं पार्सल कुठे गेलं, विचारलं. त्याने वही उघडलीही नाही. "लेलानला. दवाखान्याच्या नावाने. का हो नंगिलाबाई, चेहरा असा का झालाय?"

दवाखान्याच्या नावाने! लेलानला आत्ता डोंगरात हाडं गोठवणारी थंडी.

काय काय लिहिलं मी त्याला! 'अंगाई म्हणा' लिहिलं. फोटो का देत नव्हता ते आता कळतंय — आत उघडं मूल आहे, चारशे लोकांना कसा दाखवणार? आणि वर मी त्याच्या हातात तो कोड दिला. नवीन सेन्सर, रेझिस्टर, सोल्डर गन, आणि ओडेराकडून जुन्या उबवणीच्या पेटीतला, हवा ठरवलेल्या डिग्रीवर गेली की स्वतःच तुटणारा साधा स्विच घेतला. उद्या पहाटेची पहिली मटाटू गाडी पकडायची.

ती नव्वद अंडी डोळ्यांपुढून हलत नाहीत.

१२ जून, लेलान

काल जेमतेम पोचले. मटाटू वळणाच्या अलीकडे थांबली — दरड रस्त्यावर आली आहे, दोन आठवडे झाले, मोठ्या इस्पितळाकडे जायची वाट बंद. पुढे चिखलातून मोटरसायकल, शेवटचा चढ पायी. लेकरू नेमकं किती डिग्रीला शिजतं हा हिशेब डोकं आपोआप करत होतं. मी त्याला थांबवू शकत नव्हते. असं काही मी आयुष्यात कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. दारात एक नर्स, स्वेटरवर स्वेटर, हातात किटली.

म्हटलं, "केमोई कुठे आहेत?"

"केमोई माझा नवरा. तो गुरांमागे गेलाय. का?"

"ग्रुपवर मेसेज करतात ते —"

"ते मी करते. त्याच्या फोनवरून. मी चेलिमो. आपण कोण?"

"मी… बॉस."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग इतक्या जोरात हसली की किटली हिंदकळली. मी तिचं हसू थांबायचीही वाट बघितली नाही, विचारलं, "बाळ?"

"आहे ना. या."

आहे! आत एका बाकावर माझीच पेटी, माझ्याच आराखड्यातली, प्लायवूडची. आत मुलगी, एक किलो चारशे. नळीएवढे हात. आई शेजारच्या खाटेवर तापाने फणफणलेली, नाहीतर तिला छातीशीच धरलं असतं, चेलिमो म्हणाली. पेटीजवळ एक म्हातारी स्टुलावर बसलेली आणि तिचा उजवा हात पेटीच्या भोकातून आत, बाळाच्या पायाशी.

मी गुडघ्यांवर बसून सगळं सांगून टाकलं. कोड चुकला. सेन्सर सुटला तर बल्ब बंद होणार नाहीत. आकडा खोटं बोलेल.

"बोलला की," चेलिमो म्हणाली. "मंगळवारी. पडद्यावर ३३.८, आणि ही कोको, ही आजी, ओरडली — अगं बाई, इथे भाकरी भाजेल! विजेची वायर ओढून काढली तिने."

"तिला कसं —"

म्हातारीने मान वर करून मला नीट न्याहाळलं. "हाताने," म्हणाली. "मग काय, लेकरू पेटीवर सोडून चहा प्यायला जायचं?"

सहा बायका आहेत. पाळीने बसतात, चार-चार तास, एक हात कायम आत. चेलिमोने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. मी विचारलं, मग पेटी कशाला? "हात दमतो. पेटी दमत नाही. पण पेटीला कळत नाही," म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणे मीच मारत होते इतके दिवस.

बाहेर जाऊन रडले. मग आत येऊन कामाला लागले, ती आज संध्याकाळपर्यंत. नवा सेन्सर, घट्ट डाग. सेन्सर हरवला की बल्ब बंद, भोंगा चालू. आणि कोडबिड काहीही म्हणो, फार तापलं की तार तोडणारा तो स्विच वेगळा बसवला. वायर मुद्दाम पाच वेळा उपटून बघितली. पाचही वेळा भोंगा वाजला. सगळ्या दचकल्या. त्यांना तो आवाज आता आवडायला लागलाय, असं म्हातारी म्हणाली, पण मला खूश करायला म्हणाली असावी.

चेलिमोने विचारलं, "पंख्याचा आवाज कमी होईल का, बॉस?"

केला.

१५ जून

घरी. मसिन्देने दारातच विचारलं, "आहे?" म्हटलं, आहे. दोन दिवसांत चाळीस ग्रॅम वाढली. त्याने उगाचच कोंबड्यांना जास्तीचे दाणे टाकले.

ग्रुपवर पुन्हा लिहिलं, या वेळी नव्वद अंड्यांच्या फोटोसकट. फोटोने काम केलं. चाळीसेक जणांनी कोड बदलल्याचं कळवलं, प्रत्येकाकडून वायर उपटून भोंगा वाजल्याचा आवाज मागवून घेतला. उरलेल्यांना एकेक करून फोन करते आहे. आज शंभरावर झाले.

चेलिमोलाही विचारलं, तू कुणाला तो कोड दिलास का? "नाही. आमच्याकडे आहे कोण पेट्या बनवणारं?" जीव भांड्यात पडला.

१८ जून

चारशे सहा जणांची यादी आज संपली. ज्यांनी घातला होता त्या सगळ्यांनी काढला. एकूण एक!

इतके दिवस भूक नव्हती ती आज लागली. मसिन्देने मक्याची उगाली केली, सुकुमाची भाजी केली, आणि मुद्दाम अंडी केली नाहीत.

१९ जून

अनोळखी नंबर. मलावीचा. फोटोत माझ्या दोन ओळी — पाच जूनचा तो मेसेज, कुणीतरी काढलेला, कडा अस्पष्ट झालेल्या, म्हणजे कितीतरी हातांतून गेलेला. खाली लिहिलंय —

"नमस्कार बॉस. हे फिरत फिरत आमच्या प्रसूतिगृहापर्यंत आलं. तीन बाळांच्या पेट्यांत घातलं. भोंगा एकदाही वाजला नाही. पडद्यावर सकाळपासून ३४.०, जराही हलत नाही. देव तुमचं भलं करो."

फोन लागत नाही. लिहिलं — आत हात घालून बघा. आत्ता.

एकच टिक.