बाबा, कॉम्प्युटर घेऊन आले

प्रिय बाबा,

आज दुकानदाराने तुमची चौकशी केली, म्हणून लिहायला बसले. खरं तर अंगात त्राण नाही. पण हे दुसऱ्या कुणाला सांगू?

माझा जुना कॉम्प्युटर अखेर बसला. माझ्या माहितीपटातला एखादा मोठा प्रसंग उघडला की पंखा घोंघावायचा आणि पडदा काळा! तुमच्या आजारपणात रखडलेलं एडिटिंग तसंच पडून होतं. प्रशांत म्हणाला, "ताई, नवा कशाला घेतेस? आता नोकरी बघ." मला भावाशी भांडायचाही कंटाळा आला होता. मुकाट्याने वाघोलीहून बस धरली.

त्याच दुकानात गेले. आठवतं? मागच्या वेळी तुम्ही चष्मा काढून एकेका भागाबद्दल एकच विचारत होतात, "अहो, हे नसलं तर हिचं नेमकं काय अडेल?" माऊसपलीकडे तुम्हाला काही कळत नव्हतं, आणि तरी दुकानदाराला घाम फुटला होता. मी किती ओशाळले होते!

आजही त्यांनी काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट पुढे केलं. ग्राफिक्स कार्ड सगळ्यात वरचं. मी नुसती मान डोलावत होते. संपवून घरी जाऊन आडवं व्हायचं होतं, बस. बिल करता करता ते थांबले.

"साहेब नाही आले आज?"

"घरी आहेत," मी म्हणाले. का म्हणाले? तोंडातून निघून गेलं.

"मग फोन लावा त्यांना, मॅडम. नाहीतर उद्या येऊन माझी उलटतपासणी घेतील."

मी मोबाइल हातात घेतला, बाबा. घेऊन काय करणार होते?

"ते गेले हो," मी म्हणाले. "उन्हाळ्यात."

त्यांनी अर्धवट बिल पुसलं. मग की-बोर्ड बाजूला सारला. "मग आता तुम्ही विचारा. मी बसलोय."

"या कार्डाऐवजी एक पायरी खालचं घेतलं, तर माझं काय अडेल?"

"एडिटिंगला? फारसं काही नाही."

"आणि रॅम कमी पडली तर?"

"मग मात्र रडाल."

कार्ड खाली आणलं, रॅम दुप्पट केली. कॅबिनेट साधं, जाळीचं, आत हवा खेळेल असं. पॉवर सप्लाय मात्र चांगल्यातला. वाघोलीची वीज तुम्हाला ठाऊकच आहे! विचारून विचारून घसा कोरडा पडला. तुम्ही कसे दमत नव्हतात हो?

एक बोलू? रागावू नका. अख्ख्या जगाला खोदून खोदून विचारणारे तुम्ही, आणि मी "छातीत दुखतंय का?" विचारलं की "गॅस आहे" म्हणून मला वाटेला लावायचात. का? आणि मी तरी तेवढ्यावर गप्प कशी बसले? याच विचाराने मी दमलेय, बाबा. कामाने नाही.

त्यांनी तिथेच सगळं जोडून दिलं. रिक्षाने घरी आणलं, जुनी डिस्क लावली. येरवड्याच्या बुद्धविहारात गाणाऱ्या आपल्या बायका पडद्यावर न अडखळता गायल्या! तुमच्या बहिणीचं, शेवंताआत्याचं गाणं पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिलं. राहवेना, तिला फोन केला.

"माझ्या डोळ्यांदेखत होणार का गं तुझा पिच्चर?"

"होणार, आत्या."

"दादा तर नाही आता. पहिल्या रांगेत माझ्याशेजारी कोण बसंल?"

तुम्हाला माहीत आहे, माझं काम दाखवताना मी कधी पुढे बसत नाही. मागे भिंतीला टेकून लोकांच्या पाठी बघत उभी असते.

पावसाळा सरून वर्षावास संपायच्या आत विहारात पडदा लावीन. आणि त्या दिवशी आत्याशेजारी मी बसेन. तुम्हाला शब्द देते.

जय भीम, बाबा.

तुमची,
सुजाता