वरणाच्या गंजात मोबाईल

अमरावती,
मंगळवार

ती. पंजाबदादास,

चंदाचा नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण उजवा गुडघा वाकत नाही, आणि तुझ्या परवाच्या फोनपासून मनही वाकायला तयार नाही.) तुझी साखर, वहिनीची कंबर आणि तुमच्या अकोल्याचे ऊन ही तिन्ही आटोक्यात असावीत. आमच्याकडे सगळे बरे आहेत. हे नेहमीप्रमाणे बोलत नाहीत, शिवम नेहमीप्रमाणे जेवतो आहे आणि मी नेहमीप्रमाणे ऐकून घेते आहे. फोन सोडून पत्र कशाला लिहिते, असे तुला वाटेल. कारण फोनवर मी जरा आवाज चढवला की तुझी रेंज जाते. परवा तर तू गच्चीवर उभा आहेस असे वहिनी मागून सांगत होती, तरी गेली. कागदाला रेंज लागत नाही. तेव्हा बैस आणि वाच.

तू म्हणालास, "चंदे, पाव्हन्यायले सारं पसंत हाये. घर पसंत, पोरगा शिवम पसंत. फक्त तू ते मालिकेतलं काम सोडून दे, म्हंजे येत्या रविवारी साक्षगंध करून टाकू." सोडून दे म्हणे. जसे काही मी तंबाखू खाते. आणि वर स्वतःच्या पदरचे जोडलेस की आता तुझे वयही झाले. दादा, तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहेस. माझे झाले असेल तर तुझे कधीच होऊन गेले.

दुसऱ्या कोणी हे म्हटले असते तर मी गिळले असते. पण तू? मी या धंद्यात आले ती तुझ्यामुळे. दर्यापूरच्या शाळेतले ते स्नेहसंमेलन आठव. मी आठवीत, तू दहावीत. तू सीमेवर पडलेला जवान आणि मी, केसांना ज्वारीचे पीठ लावून, तुझी म्हातारी आई. सगळा तालुका रुमाल काढून बसला होता. मी तुझ्या अंगावर पडून हंबरडा फोडला, आणि प्रेताने मांडी खाजवली. एकदा नाही, दोनदा. (मुंगी होती असे तू पन्नास वर्षांचा होईपर्यंत सांगत आलास. जवानाने मुंगी सोसायला नको?) तेव्हा माझ्या तोंडून जे निघाले ते कुठल्याही कागदावर लिहिलेले नव्हते: "निजून राय नं, मायं रडनं व्हाचं हाये अजून." लोक इतके हसले की मुख्याध्यापकांनी पडदा पाडायला सांगितले आणि पडदा ओढणारासुद्धा हसत बसल्यामुळे तो पडला नाही. त्या दिवसापासून मी रडले की लोक हसतात. अमरावतीच्या नाट्यस्पर्धेत मी मुलगा गमावलेल्या बाईचे काम केले, दोन महिने त्यासाठी झोप घालवली, आणि परीक्षकांनी शेरा लिहिला, 'विनोदाची उत्तम जाण'. ते प्रमाणपत्र अजून कपाटात आहे, उलटे ठेवले आहे.

त्यानंतर वीस वर्षे मी वऱ्हाडातले एक बाजार-पटांगण सोडले नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कपडे बदलले, कापसाच्या गंजीमागे बसून तोंड रंगवले. मग दोन सिनेमे मिळाले. दोन्हींत मी मोलकरीण, आणि दोन्हींत नायिकेचे रहस्य माझ्याच हातून फुटते. मग ही मालिका. तिथे पहिल्याच दिवशी बोलीभाषेचा मार्गदर्शक म्हणून एक पोरगा समोर उभा केला. जन्म पुण्यातला, शिक्षण पुण्यातले, आणि वऱ्हाड त्याने आगगाडीच्या खिडकीतून, तेही झोपेत, पाहिलेले. तो मला सांगतो, मॅडम, वऱ्हाडात असे बोलत नाहीत. मी म्हटले, बाबू, मग आमच्या घरी पन्नास वर्षे कोण बोलून राहिलं? तर म्हणाला, तुमचा अपवाद असेल. हेही मी गिळले. कामासाठी माणूस काय काय गिळतो, हे सोयरिकी जुळवत हिंडणाऱ्याला कळायचे नाही.

आता मोबाईलचे. मालिकेत मी जिचे काम करते ती तुळसाबाई सासू सुनेचा मोबाईल हिसकावते आणि चुलीवर उकळणाऱ्या वरणाच्या गंजात टाकते, हे लिहिणाऱ्याने लिहिले, मी केले. एकदाच करायचे होते. लोकांना आवडले म्हणून चार वर्षांत अकरा वेळा झाले. त्यापायी आज मी लग्नाला गेले तर पंगतीत माझ्या डाव्या-उजव्या बाजूची माणसे मोबाईल खिशात घालतात. अंबादेवीच्या देवळात एका बाईने मला पाहिले आणि आपली पर्स पदराखाली घेतली. माझ्या स्वतःच्या घरातल्या वरणात आजवर फोडणीखेरीज काही पडलेले नाही, हे कोणाला माहीत आहे?

त्या रविवारी तुझे पाहुणे घर पाहायला आले तेव्हा मी ठरवले होते की आज आपण अजिबात विनोदी नसायचे. डोक्यावर पदर, नजर खाली, आवाज असा की स्वतःलाच कान द्यावा लागेल. मी 'या' म्हटले आणि मुलीचे वडील किशोरराव हसले. 'बसा' म्हटले, मुलीची आई हसली. पाणी दिले तर ललितमामा (मुलीचा मामा) म्हणाला, काय काम करतात वहिनी. मी खरेच पाणी देत होते, दादा. किशोररावांनी चारदा आग्रह केला, एकदा तुळसाबाईचा डायलॉग होऊन जाऊ द्या. मी नाही म्हटले तर तेही त्यांना आवडले. मग ते पुन्हा मोबाईलमध्ये गेले. दोन तास त्यांची मान वर आली नाही. वर आली ती फक्त मी वरणाचा गंज घेऊन बाहेर आले तेव्हा. पाच जणांचे पाच मोबाईल एका क्षणात नाहीसे झाले.

आमच्या ह्यांचे तर विचारू नकोस. तीन तासांत हे दोन शब्द बोलले. तू यांना तीस वर्षे ओळखतोस. आमच्या लग्नाला होकारसुद्धा यांनी मानेने दिला होता. पण पाहुण्यांचा समज झाला की बिचाऱ्याची वाचाच बसली आहे. मुलीची आई जाताना यांच्याकडे ज्या नजरेने पाहत होती, त्या नजरेने माणूस दवाखान्यात पाहतो.

एकटी हसली नाही ती मुलीची आजी, किशोररावांची आई जाईबाई. व्यापारी कापसाची प्रत पाहतो तशी मला पाहत होती. निघताना माझा हात धरून म्हणाली, "बाई, तुयातली खरी कोनती?" मी म्हटले, आजी, मी साधी बाई आहे. म्हातारी किशोररावांकडे वळून म्हणाली, "हे बी बेस केलं तिनं."

इथवरही चालले असते. पण मग त्यांनी चौकशी लावली. मुलगी देताना चार घरी विचारावे, ही आपली रीत आहे आणि मला ती मान्य आहे. पण ललितमामा आमच्या गल्लीत उतरला तो हातात मोबाईल धरून, कोण काय बोलले ते विसरू नये म्हणून रेकॉर्डिंग चालू ठेवून. लोकांना वाटले, चॅनलवाला आला. शेजारची गीतांजली साडी बदलून आली. म्हणाली, आमच्या चंदाताईसारखी सासू साऱ्या वऱ्हाडात नाही, सुनेला कशी नाचवते पाहातच राहावे. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने सांगितले की चार सुना पळाल्या हिच्यापायी. (मालिकेत सुनेचे काम करणाऱ्या नट्या चारदा बदलल्या, हे खरे. एकीला दुसरीकडे मोठे काम मिळाले, दोघींची लग्ने झाली आणि चौथीला वरणाची ॲलर्जी निघाली.) भाजीवाली म्हणाली, मोबाईल तर रोजचाच. सगळ्यांनी जिवापाड माया करून माझी अब्रू घालवली. आणि दादा, मला राग कशाचा येतो सांगू? मला एकच मुलगा आहे, त्याचे लग्न व्हायचे आहे, त्या लग्नासाठीच ही चौकशी चालली आहे. मला सूनच नाही. तरी चार पळाल्या. ललितमामाने हे ऐकले, रेकॉर्ड केले, अकोल्याला नेऊन सगळ्या घराला ऐकवले, आणि त्या घरात एकालाही विचारावेसे वाटले नाही की या सुना आल्या कुठून. तूही विचारले नाहीस. तू मला मालिका सोडायला सांगितलेस.

शिवमला विचारले. तो म्हणाला, आई, तू म्हणशील ते. असे म्हणून पोराने ताटातली पोळी तशीच ठेवली. त्याला मुलगी, आचल, फार आवडली आहे, हे मला त्या पोळीवरून कळले. रात्रभर मला ती पोळी दिसत होती. तरीही माझे उत्तर लिहून घे. मालिका मी सोडणार नाही. आणि घरात मी आजवर कधी अभिनय केला नाही, यापुढेही करणार नाही. कोणाच्या समाधानासाठी नाही, कोणाच्या आग्रहासाठी नाही. सोयरीक मोडली तर त्या आजीला सांग, साधी बाई होती तीच खरी.

तुझी,
चंदा

ता. क. (बुधवार) पत्र पाकिटात घातले होते, पुन्हा काढले. आचलचा फोन आला, स्वतःहून. म्हणाली, "काकू, आमच्या घरी आई अन् आजी सात वर्सांपासून बोलत नाईत. तुमी गंजात मोबाईल टाकला का दोघी एका सोफ्यावर बसून संगच हासतात. तेवढंच. बाबाले हे मालूमबी नाई, ते मोबाईलात असतात. मालिका सोडाची असन तर मले तुमच्या घरी नाई याचं." मी ह्यांच्यासारखी नुसती मान हलवली, तीही फोनवर. शिवमला अजून सांगितले नाही, पण आज पोळ्या जास्त केल्या.

ता. क. २ (गुरुवार) आज जाईबाईंचा फोन. त्यांचा मुलगा किशोरराव कबूल झाला, रविवारी साक्षगंध पक्का, मालिकेचे नाव कोणी काढणार नाही, असे त्यांनी सांगितले. तुलाही निरोप येईलच. फक्त त्यांची एक अट आहे. "पंगतीत मायाच पोराचा मोबाईल टाक, बाई. सात वर्सं झाले, त्यानं मायं तोंड नाई पायलं. पाप मायावर." मी नाही म्हटले, तत्त्व म्हणून. दोनदा म्हटले. तिसऱ्यांदा म्हणणार होते, तेवढ्यात रेंज गेली.

ता. क. ३ तेव्हा दादा, तुझ्याकडे एवढेच काम आहे. तिकडच्या स्वयंपाक्याला सांग की वरण पातळ कर. घट्ट वरणात मोबाईल वर राहतो आणि पुन्हा टाकावा लागतो, हे अकरा मोबाईलांच्या अनुभवावरून सांगते. मध्यस्थ म्हणून तू किशोररावांच्या डाव्या हाताला बैस आणि त्यांना मोबाईलवर नातेवाइकांचे फोटो दाखवायला लाव. मी वरणाची बादली घेऊन आग्रहाला येईन. जाईबाईंना समोरच्या ओळीत, किशोररावांनी मान वर केली की दिसतील तिथे बसव. हे उद्या बियाण्याच्या कामाने अकोल्याला येत आहेत, त्यांच्या हाती पत्र देते. त्यांना काही विचारू नकोस, ते सांगणार नाहीत.

तुला एकही वाक्य ठेवलेले नाही. नुसते बसायचे आहे. आणि काही झाले तरी, दादा, या वेळी मांडी खाजवायची नाही.