धंद्याचा रकाना

बाळ्या,

मी ड्यूटीवर निघाले. जेवण झाकून ठेवलंय, थंडच गिळू नकोस.

दिवाळखोरीचा अर्ज टेबलावर आहे. देणेकऱ्यांची यादी मी पुरी केली. तुझ्या लग्नाच्या पत्रिकांवरसुद्धा एवढी नावं घातली नव्हती रे, बोटं आखडली.

‘धंदा’ या रकान्यात तू ‘काही नाही’ लिहून ठेवलं होतंस. ते खोडून मी ‘सुतारकाम’ लिहिलंय. चिडू नकोस. वकीलबाई सांगत होत्या, पोटापाण्याची हत्यारं जप्त करत नाहीत. पण ज्याला धंदाच नाही, त्याची हत्यारं कसली? मग तुझा रंधा, पटाश्या, सगळं लिलावात जाईल. दुकान गेलं तेवढं पुरे झालं.

खोडलंय तिथे तुझी सही लागेल. अर्ज उद्या सकाळीच द्यायचाय, आणि रात्री घरी आल्यावर वाद घालायचं त्राण माझ्यात नसेल. तेव्हा मी यायच्या आत सही करून ठेव.

सही करताना दोन्ही कोपरं टेबलावर चांगली टेकव. मी हे घर घेतलं तेव्हा तूच करून दिलेलं टेबल आहे, अजून जरासुद्धा डुगडुगत नाही.

काही नाही म्हणे!

ताई