आवाज थांबला की थांबायचं

३ मार्च, मंगळवार
आजही राहिलं! पगार-खात्याची खिडकी दहाला उघडते, पाचला बंद. मी तेव्हा क्रेनच्या केबिनमध्ये, ढगात. जेवणाच्या सुट्टीत शिडी उतरून पुन्हा चढायची, तर जेवायचं कधी? म्हातारपणासाठी पगारातून काही कापून घ्या, एवढंच सांगायचंय. पण त्यासाठी आधी खाली यावं लागतं!

दुपारी वॉकीटॉकीवर काका – "गेलास का रे?" रोज विचारतात. काका म्हणजे आमचे सिग्नलमन. सगळी साइट त्यांना काकाच म्हणते. माल नेमका कुठे टेकतोय ते मला वरून दिसत नाही, ते खालून सांगतात. माल हवेत असेपर्यंत त्यांनी बोलत राहायचं – "खाली... खाली... अजून खाली..." आवाज थांबला की मी थांबायचं. दिवसभर माझ्याशी बोलणारा हा एकच माणूस. आणि बोलतो काय, तर "खाली".

८ मार्च, रविवार
सुट्टी. बहिणीला फोन केला. "दादा, घरी माणसं आलीत, नंतर करते." केला नाही. संध्याकाळी दुकानदाराकडे अंडी मागितली तर घशातून आवाजच फुटेना.

१२ मार्च, गुरुवार
वारा सुटला, क्रेन बंद! उतरलो. खिडकी गाठायचीच असं ठरवलं आणि शेडमध्ये जरा पाठ टेकली. जाग आली तेव्हा पाच वाजून गेले होते. काका जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग चहा पिताना हळूच म्हणाले, "मी पण असाच उद्या-उद्या करत राहिलो. बघ, या वयात उन्हात उभा आहे." गुडघे चोळत होते. मला इतकी वर्षं वाटायचं, त्यांना कामाची हौस आहे.

खरं सांगायचं तर नुसता आळस नाही. मला भीती वाटते. पैसे बाजूला टाकायचे म्हणजे तो दिवस येणार हे कबूल करायचं – काम नाही, आणि कानात कुणीच नाही.

१६ मार्च, सोमवार
माझी डोळ्यांची वार्षिक तपासणी. डॉक्टर नुसतं लिहीत होते. हल्ली दिव्यांभोवती गोल दिसतात, तेवढं मी सांगितलं.

१९ मार्च, गुरुवार
स्लॅब हवेत होता. "खाली... खाली... खा–" आणि शांत. हात आपोआप थांबला. "काका?" काही नाही. "काका!" स्लॅब लोंबकळतोय, मी वर एकटा, खालचं काही दिसत नाही. बऱ्याच वेळाने मुकादमाचा आवाज – "अरे, काका चक्कर येऊन पडले." त्यानेच माल उतरवून घेतला. मी खाली पोचेपर्यंत गाडी त्यांना घेऊन गेलेली.

२२ मार्च, रविवार
दवाखान्यात जाऊन आलो. बरे आहेत, पण उन्हातलं काम बंद. आता मुलाकडे, हॉलमध्ये झोपायचं. "जागा आहे तशी," म्हणाले, आणि भिंतीकडे बघत राहिले. निघताना – "गेलास का रे?" बाहेर जिन्यात येऊन रडलो.

२३ मार्च, सोमवार
सकाळी चढलोच नाही. खिडकी उघडेपर्यंत खाली उभा. मुकादम बोंबलतोय, "क्रेन काय तुझा बाप चालवणार?" बोंबलू दे! पगाराचा दहावा हिस्सा कापा म्हटलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "एवढ्या उशिरा सुरू करताय, तर जरा जास्त कापू या." कापा. ओव्हरटाइम धरून जमेल.

मग त्यांनी सहज विचारलं, "निवृत्त झाल्यावर काय करणार?" मी सही केली आणि शिडीकडे निघालो.

१ एप्रिल, बुधवार
पहिली कपात झाली! सांगायला काकांना फोन केला. मुलाने उचलला. "झोपलेत." बरं, म्हटलं.

७ एप्रिल, मंगळवार
डोळ्यांचा निकाल. केबिनसाठी नापास. सोमवारपासून खाली, काकांच्या जागेवर. पगार कमी, ओव्हरटाइम नाही. बाईंनी विचारलं, "कपात थांबवू?" मी नको म्हटलं. घरी येऊन नुसता बसून राहिलो. दिवा पण लावला नाही.

१३ एप्रिल, सोमवार
केबिनमध्ये नवी मुलगी आहे. माल उचलला. मी दोनदा "खाली" म्हटलं आणि काकांचं ते अर्धवट "खा–" आठवून थांबलो. माल जागच्या जागी थांबला.

कानात तिचा आवाज – "काका, बोलत राहा ना."