पूर्ण वाढवा

आई, आपल्याकडे आता कंप्युटर आहे. टीव्हीसारखी काच आणि शेजारी पत्र्याचा उभा डबा, आणि त्या डब्यात तू होतीस. होतीस म्हणते, कारण आता नाहीस. तेच सांगायला बसले आहे, पण मला मधूनच सांगता येत नाही, तुला माहीत आहे. चौथीपर्यंत शिकलेली मी, अक्षर तेव्हाही वाकडं होतं, आता हात कापतो म्हणून आणखी मजेशीर दिसतं.

तू गेलीस त्याच्या आदल्या श्रावणात तुझे जावई टेपरेकॉर्डर घेऊन त्र्यंबकला आले होते. तुला न सांगता त्यांनी तो बांगड्यांच्या पेटाऱ्यामागे चालू करून ठेवला. तू आपली बायकांना बांगड्या भरतेस, "या बाई, बसा, हात सैल सोडा, मी काय खाते का तुम्हाला?" सगळं त्यात आलं. ती कॅसेट आम्ही वर्षानुवर्षं कपाटात साड्यांखाली ठेवली, वाजवली कधीच नाही. आहे, एवढंच पुरायचं. मग मुलाने कंप्युटर घेतला. तो अंबडला कारखान्यात आहे, आम्ही राहतो नाशिक रोडला, त्याला एकच मुलगी, माझी लाडकी, तिच्यासाठी घेतला. त्याने कॅसेट त्यात भरली आणि भरता भरता फीत अशी गुंतली की तिचा शेवयांसारखा गोळा झाला. मुलगा म्हणाला, "टाकून दे आई, आता आजी कंप्युटरमध्ये आहे."

आणि मग तो कंप्युटर उठेना. म्हणजे बटण दाबलं की रंगीत चित्र येतं, टिंग टिंग वाजतं, आता सुरू झाला म्हणावं तर काच निळी होते, वर पांढरी इंग्रजी अक्षरं, आणि मेला आपणहून विझून पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चित्र, पुन्हा निळा. तुझ्याकडे ती गिऱ्हाइकं यायची ना, हात पुढे करायची, तू बांगडी चढवायला घेतलीस की हात मागे, तस्सं. मुलाने डबा उघडला, पंख्याची धूळ काढली, भिंतीतला पॉइंट बदलला. एका रविवारी आतली हिरवी पट्टी काढून तिचे पिवळे दात नातीच्या खोडरबराने घासत बसला. मी म्हटलं, "अक्षर चुकलंय का तिचं?" तो म्हणाला, "हसू नको आई, खरंच असंच करतात." आणि खरंच चालू झाला, बाई. मी पेढे आणवले. त्याच दिवशी नातीने तुझा आवाज लावला. ती म्हणालीसुद्धा, "पप्पा, या आवाजाची सीडी काढून ठेवू या." तो म्हणाला, "आता नीट चाललाय ना, पुढच्या रविवारी काढू." दुसऱ्याच दिवशी पुन्हा निळा.

शेवटी मुलाने एक दुरुस्तीवाला बोलावला. चांगला पोक्त, चष्मेवाला माणूस, गाव उत्तरेकडचं, मराठी इथे येऊन शिकलेला. आला तेव्हा घरात मी एकटी. त्याने बटण दाबलं, निळा झाला, पुन्हा दाबलं, निळा, मग कसा कोण जाणे, चालू झाला. मला वाटलं, झालं काम. तो म्हणाला, "मावशी, साहेबांचा फोन लागत नाही. आता काय करायचं?"

आता हे तू ऐक, कारण हे तुझंच आहे. मी लहान होते, दुकानात बसले होते, एका बाईच्या हातात बांगडी तडकली आणि मी ओरडले, "आई, फुटली!" तू सगळ्यांसमोर माझा कान पिळलास. "फुटली म्हणतात का गं सवाष्णीच्या हातातली? वाढली म्हण." आणि संध्याकाळी मी विचारलं, दुकान बंद करू का, तर पुन्हा डोळे वटारलेस. "दुकान काय बंद पडलंय? वाढव म्हण." तेव्हापासून माझ्या तोंडात बंद हा शब्दच नाही. आमच्याकडे टीव्ही वाढवतात, पंखा वाढवतात. नात मला चिडवते, "आजी, मी तोंड वाढवू का?"

तर मी त्या माणसाला म्हटलं, "आता राहू दे, वाढवून टाका."

तो म्हणाला, "पूर्ण वाढवू?"

मी म्हटलं, "पूर्ण वाढवा. अर्धवट केलं की बिघडतो, नात सांगते."

त्याने पिशवीतून चकती काढली, आत घातली आणि बसला. मी चहा ठेवला, पोहे केले, त्याच्या सुनेची चौकशी केली. मनात म्हटलं, काय बाई शिस्त आहे, वाढवायलासुद्धा एवढा वेळ. मुलगा आला तेव्हा तो पोह्यांची बशी हातात घेऊन खुशीत म्हणाला, "सगळं नवीन टाकलं, साहेब. मावशी म्हणाल्या, पूर्ण वाढवा, म्हणजे अपग्रेडच ना." मुलगा आधी त्याच्याकडे बघतो, मग माझ्याकडे. नातीला हसू फुटलं आणि हसता हसताच ती रडायला लागली. मुलाने त्याचे पैसे चुकते केले. मला कोणी बोलले असते तर बरं झालं असतं.

कंप्युटरमधलं सगळं ज्यात साठतं तो आतला छोटा डबा मुलाने शहरात दोघांतिघांना दाखवला. सगळ्यांनी तेच सांगितलं, जुन्यावर नवीन लिहिलं गेलंय, काही हाती लागायचं नाही. कंप्युटर मात्र आता एका दमात उठतो. निळा नाही, काही नाही. नात त्यावर चित्रं काढते, मला दाखवते, मी खूश होते. खरंच होते.

हे कुठे पाठवायचं? डब्यात राहील, पोह्यांच्या. एकच सांगायचं राहिलं. त्या रविवारी तुझा आवाज आला ना, तेव्हा मी नातीला विचारलं, "मला कधी भरलंस गं यात?" ती म्हणाली, "ही तू नाहीस, पणजी आहे." मला ओळखूच आली नाहीस तू. म्हणून आता घरात कोणी नसलं की मी मोठ्याने म्हणून बघते, "या बाई, बसा, हात सैल सोडा." बरोबर तस्सं म्हणते. पण ते माझंच वाटतं.