छत्तीस मीटर घेराच्या जागेबद्दल

सोमवार, दिनांक ८ जानेवारी २०२४ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मोजणी कार्यालयाने माझ्या घरामागच्या तिकोनी जागेचा नकाशा माझ्या हातात ठेवला. त्यात बाजू बारा, नऊ आणि बावीस मीटर लिहिल्या आहेत. असा त्रिकोण होत नाही. दोन लहान बाजू टोकाला टोक लावून सरळ पसरल्या तरी एकवीसच भरतात. तिन्ही कोनांची बेरीज दोनशे अंश दिली आहे, ती वेगळीच.

मी, वय एकोणऐंशी, निवृत्त गणित शिक्षिका, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहिते. डोकं ठिकाणावर असल्याचा पुरावा वर आहे.

१. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि बाकी जे उरेल ते पुतण्याला. दर रविवारी येतो, औषधं आणतो, वर माझी बोलणी खातो. त्याचे उपकार मानते.

२. फळ्यावरचा लाकडी कंपास आणि मोठा गुण्या सुताराला. शाळेने भंगारात काढलेला कंपास त्यानेच नवा पाय बसवून मला परत दिला.

३. प्रार्थनेच्या पुस्तकात कागदी त्रिकोणाचे फाडलेले तीन कोपरे आहेत. मी अकरा वर्षांची असताना शाळेतल्या सिस्टरनी ते शेजारी शेजारी मांडून सरळ रेषा करून दाखवली. त्या रेषेवर माझं पोट भरलं. ते कोपरे माझ्यासोबत जाऊ द्या.

४. तिकोनी जागा, शेडसकट, शिंपीणबाईला. एकोणीस वर्षं ती तिथे मशीन चालवते. हे गेले तेव्हा मी वर्षभर कोणाशी बोलत नव्हते. ही रोज चार वाजता खिडकीशी यायची, "बाई, या बाहीचा कोन बघता का जरा?" बाहीचा कोन तिला माझ्याहून चांगला कळतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

नकाशा पाहून पुतण्या हसला. "काकू, अशी जागाच नसेल तर देणार काय? म्हणजे तीही 'बाकी उरेल' त्यातच आली!"

"दहावीला गणितात किती पडले होते रे तुला?"

मुद्दा सोडला. माझ्यामागे सोडेलच असं नाही.

म्हणून शिंपीणबाईने आपला दीड मीटरचा टेप काढला. आठ टेप, सहा टेप, दहा टेप. म्हणजे बारा, नऊ, पंधरा. कोपऱ्यात गुण्या लावला, काटकोन चोख. "बाई, छत्तीस मीटर! एवढा घेर जन्मात शिवला नाही मी." त्या टोकाला कुत्री व्यालेली आहे. मोजणीच्या दिवशी ती गुरगुरली, तेव्हा मोजणीदारांनी तिसरी बाजू लांबूनच अंदाजाने लिहिली.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर. दिनांक १५ जानेवारी २०२४.
सही: मी स्वतः
साक्षीदार: समोरच्या डॉक्टरीणबाई (सही), निवृत्त पोस्टमन (सही)

प्रत मोजणी कार्यालयास: बुधवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत दुरुस्त नकाशा आणि लेखी उत्तर पाठवावे. पुन्हा मोजायला या, कुत्रीला मी धरते. तो कागद हाती येईपर्यंत मी मरायला मोकळी नाही, आणि ताटकळत ठेवलेलं मला कधीच खपलेलं नाही.